लोड आला की वर्कस्टेशन लॅपटॉप मंदावतो किंवा बंद पडतो: ग्राफिक्स कार्ड मागवण्याआधी हे तपासा

डेल प्रिसिजन एम४८०० आणि एम६८००, एचपीचे एलिटबुक ८७७०डब्ल्यू, पहिल्या पिढीचे झेडबुक १७, क्लेव्हो कंपनीच्या बॉडीत बांधलेले गेमिंग लॅपटॉप. ही जाडजूड मशिन्स ठाणे आणि नवी मुंबईत अजून बऱ्याच घरांत आणि छोट्या ऑफिसांत रोजच्या कामाला आहेत. कंपन्यांनी लीज संपल्यावर काढली आणि मग कुणा आर्किटेक्टने, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने, सिव्हिलच्या विद्यार्थ्याने ती घेतली. त्यांची एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. ईमेल, एक्सेल नीट चालतं, पण रेंडर लावला किंवा थ्रीडी मॉडेल फिरवलं की मशीन रखडतं, नाहीतर एकदम बंद होतं. फोनवरचं पहिलं वाक्यही बहुतेक ठरलेलं असतं, "दादा, ग्राफिक्स कार्ड गेलंय. दुसरं मागवू का?"

मागवू नका, निदान आज तरी नको. या मशीनमध्ये कार्ड बदलता येतं, म्हणून संशय आधी त्याच्यावरच जातो. प्रत्यक्षात मी उघडलेल्या मशिन्समध्ये दोष बहुतेक वेळा अडॅप्टरमध्ये, धुळीत, वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये (चिपची उष्णता वाहून नेणारा लेप) किंवा रॅमच्या संपर्कात निघाला आहे. कार्ड महाग असतं, जुनं असतं आणि परत घेतलं जात नाही. त्यामुळे तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करायची आणि कार्डाकडे शेवटी जायचं.

आधी लक्षणं नीट लिहून काढा

मशीन कधी आणि कसं अडतं, हे कागदावर लिहा. पुढची निम्मी दिशा इथेच मिळते.

- सुरू केल्यापासूनच मंद आहे, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकला आहे आणि जड काम दिलं तरी वर जात नाही: संशय अडॅप्टरवर.
- पहिली दहा-पंधरा मिनिटं उत्तम चालतं, मग पंखा जोरात फिरतो आणि वेग पडतो: उष्णता.
- निळी स्क्रीन नाही, सूचना नाही, सरळ अंधार. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नल-पॉवर ४१ ही नोंद: अडॅप्टर किंवा उष्णता, क्वचित बोर्ड.
- स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि डिस्प्ले ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाल्याचा संदेश दिसतो: आधी ड्रायव्हर, मग ग्राफिक्सचं तापमान, मग कार्ड.
- फाइल सेव्ह करताना बिघडते, प्रोग्रॅम कारण न देता बंद होतात, दर वेळी वेगळ्या नावाची निळी स्क्रीन येते: रॅम.
- चालूच होत नाही, फक्त बीप वाजतात. डेलच्या या पिढीत २ किंवा ४ बीप रॅमचे, ५ घड्याळाच्या सेलचे, ६ ग्राफिक्सचे आणि ८ स्क्रीनचे. बीप मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, घाईत मोजताना चूक होते.

काहीही उघडण्याआधी कामाच्या फाइल्स दुसरीकडे उतरवून घ्या. या मशिन्समधली डिस्क दोन-चार स्क्रू काढले की बाहेर येते. बाहेरच्या केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडली की झालं. मशीन धड चालू नसलं तरी हे जमतं.

१. अडॅप्टर

यात खर्च नाही आणि सर्वांत जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घालवा.

एम६८०० ला २४० वॉटचा अडॅप्टर लागतो, एम४८०० ला १८० वॉटचा. सेकंडहँड मशीनसोबत बऱ्याचदा ९० किंवा १३० वॉटचा दिलेला असतो, कारण पिन तीच असते आणि मशीन चालू होतं. पण पुरेशी वीज मिळत नाही हे कळलं की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणतं. विकत घेणाऱ्याला वाटतं, मशीनच म्हातारं आहे.

डेलच्या पिनमध्ये मध्यभागी सुईसारखी बारीक तार असते. तिच्यातून अडॅप्टर आपली क्षमता मशीनला कळवतो. ती वाकली, तुटली किंवा अडॅप्टर डुप्लिकेट असला की ओळख पटत नाही. मग बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर तळाच्या वेगावर अडकतो. तपासणी सोपी आहे. सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा आणि बॅटरीच्या पानावर अडॅप्टरचा वॉटेज काय दिसतो ते पाहा. तिथे तो ओळखता आला नाही असं लिहिलं असेल, तर पुढचं काही उघडायची गरज नाही.

मल्टिमीटरने १९.५ व्होल्ट आले म्हणून अडॅप्टर चांगला आहे असं ठरवू नका. लोड नसताना कमजोर अडॅप्टरही बरोबर व्होल्टेज दाखवतो. लोड आल्यावर तो टिकतो का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं घरगुती उत्तर एकच, त्याच मॉडेलचा खात्रीचा अडॅप्टर कुणाकडून तासभर मागून आणणं. ऐरोलीतल्या एका एडिटर मुलाच्या मशीनसाठी कार्ड बदलायचा अंदाज दुकानातून मिळाला होता. ओळखीतल्या एकाचा २४० वॉटचा अडॅप्टर लावल्यावर तेच मशीन रात्रभर रेंडर करत राहिलं.

अडॅप्टर ठीक असेल तर पिन जिथे जाते ते सॉकेट हलवून पाहा. यातल्या अनेक मॉडेलमध्ये ते बोर्डवर सोल्डर केलेलं नसून छोट्या वायरसकट वेगळं निघतं आणि स्वस्तात मिळतं. एमएसआयच्या काही गेमिंग मॉडेलमध्ये लोड वाढल्यावर अडॅप्टरच्या जोडीला बॅटरीतूनही वीज ओढली जाते. तिथे मेलेली बॅटरीसुद्धा मशीन मंद करू शकते.

२. ड्रायव्हर आणि सेटिंग

एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्रॅम टाका, सेन्सरची खिडकी उघडी ठेवून नेहमीचं जड काम सुरू करा. तापमान, वेग आणि थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग आपोआप उतरणं) झालं की नाही, हे तिन्ही एकाच ठिकाणी दिसतं. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडच्या उकाड्यात लोडखाली ८०-९० दिसलं तर घाबरू नका. ९५ च्या वर सतत टेकत असेल तर तिसरा आणि चौथा टप्पा तुमच्यासाठी आहे.

थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरचा वेग हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बीडी प्रोकॉट नावाची खूण काढा म्हणजे वेग परत येतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. वेग येतो हे खरं आहे. ही खूण म्हणजे बाहेरच्या भागांनी, म्हणजे अडॅप्टरच्या सर्किटने किंवा एखाद्या सेन्सरने, प्रोसेसरला दिलेला थांबायचा इशारा असतो. तो ऐकू येईनासा केल्याने मूळ कारण जात नाही. निदानासाठी पाच मिनिटं काढून पाहा. खूण काढल्यावर वेग आला, तर दोष अडॅप्टर किंवा सेन्सरकडे आहे हे समजलं. मग ती परत लावा.

ग्राफिक्स ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. एम६८०० मधली क्वाड्रो के३१००एम, के४१००एम, के५१००एम ही कार्डं एनव्हिडियाच्या केप्लर पिढीतली आहेत आणि त्यांच्यासाठीची शेवटची ड्रायव्हर मालिका केव्हाच येऊन गेली आहे. नवं सॉफ्टवेअर त्यापुढचा ड्रायव्हर मागत असेल तर ती दुरुस्तीची बाब उरत नाही. जुनी आवृत्ती ठेवा किंवा नव्या पिढीचं कार्ड शोधा. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही. मी अशा मशिन्सवर बँकेचे व्यवहार करू देत नाही. रेंडर आणि ड्रॉइंगसाठी ती चालू द्यावीत.

३. धूळ

घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, उलवे-खारघरकडे टॉवरची बांधकामं. खिडकी उघडी ठेवली तर संध्याकाळी टेबलावर बोट फिरवून दिसते तेवढी धूळ मशीनमध्येही जाते. त्यात पावसाळ्याची दमट हवा मिळाली की पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्या यांच्यामध्ये तंतूंचा थर गोधडीसारखा दाबून बसतो. बाहेरून तो दिसत नाही. जाळीतून हवा मारली तर सुटत नाही, उलट आत सरकतो.

बॅटरी काढा, अडॅप्टर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग खालचं झाकण उघडा. पंखा दोन-तीन स्क्रूंवर असतो. तो काढला की थर चिमट्याने अख्खा उचलता येतो. हवा मारताना पात्याला टूथपिक लावून ते रोखून धरा, भरधाव फिरू दिलं तर बेअरिंग खराब होतं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी असतं आणि दाब बेसुमार असतो. पंखा बोटाने फिरवल्यावर खरखरला तर साफ करत बसू नका, बदला. या मॉडेलचे पंखे अजून मिळतात.

४. थर्मल पेस्ट आणि पॅड

धूळ काढूनही तापमान उतरलं नाही तर हीटसिंक काढावा लागतो. त्यावर स्क्रूजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. सैल करताना उलट्या क्रमाने आणि प्रत्येक थोडा थोडा, बसवताना सुलट्या क्रमाने. एकच कोपरा आधी आवळला तर चिपच्या उघड्या काचेसारख्या पृष्ठभागाचा टवका उडू शकतो, आणि तो भरून येत नाही.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपची चिप उघडी असते आणि रोज तापून थंड होते, त्यामुळे पातळ पेस्ट काही महिन्यांत कडेला सरकते. मी घट्ट पेस्ट वापरतो. पैसे जमत असतील तर हनीवेलचं पीटीएम७९५० हे वितळून बसणारं पॅड जास्त टिकतं, फक्त त्याची नक्कल बाजारात भरपूर आहे, खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या.

पेस्टइतकंच महत्त्व शेजारच्या मऊ पॅडना आहे आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात. ग्राफिक्सच्या मेमरीवर आणि वीजपुरवठ्याच्या भागांवर ०.५, १ किंवा १.५ मिलिमीटरचे पॅड असतात. जास्त जाड लावला तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही आणि काही सेकंदांत तापमान ९० च्या पुढे जातं. हे किमान दिसतं तरी. पातळ लावला तर चिपचं तापमान सुरेख दिसतं, पण मेमरी आणि वीजपुरवठ्याचे भाग भाजत राहतात, आणि मशीन काहीही न दाखवता बंद होतं. कुणीतरी आधी "सर्व्हिस" केलेलं मशीन तापमान चांगलं असूनही बंद पडत असेल, तर मी सर्वांत आधी पॅडची जाडी मोजतो. जुने पॅड फेकण्याआधी त्यांची जाडी आणि जागा यांचा फोटो काढून ठेवा.

५. रॅम

काढून पुन्हा बसवा. साधं वाटतं, पण खाडीकाठच्या वस्तीत, वाशी-ऐरोलीच्या बाजूला, संपर्काच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडलेल्या मी बऱ्याचदा पाहिल्या आहेत. खोडरबर चालतो, मात्र हलक्या हाताने, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. लिंट न सोडणाऱ्या कापडावर अल्कोहोल घेऊन पुसणं अधिक चांगलं.

काही मॉडेलमध्ये दोन स्लॉट खाली आणि दोन कीबोर्डच्या खाली असतात. खालचे दोन बदलून "रॅम तपासली" म्हणू नका. एक पट्टी, एक स्लॉट, असं करत सगळ्या जोड्या पाहा. मग मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बाद. चौथ्या पिढीच्या इंटेलला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम लागते. दिसायला सारखीच असलेली १.५ व्होल्टची पट्टी मिसळली की असेच अधूनमधून येणारे दोष मागे लागतात.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोने पाहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

६. आता ग्राफिक्स कार्ड

काढण्याआधी एक फुकटची परीक्षा. बायोसमध्ये स्विचेबल ग्राफिक्सची सोय असेल तर ती चालू करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडिया किंवा एएमडीचं कार्ड बंद करा. इंटेलच्या ग्राफिक्सवर मशीन दिवसभर बिनतक्रार चाललं, तरच संशय कार्डावर पक्का होतो. त्यानंतर कार्ड काढा, संपर्क पुसा, तिरकं घालून पूर्ण आत ढकला आणि मग स्क्रू लावा. अर्धवट बसलेलं कार्ड हा स्वतःच एक दोष असतो.

एमएक्सएम हा अशा कार्डांचा ठरलेला आकार एनव्हिडियाच्या पुढाकाराने २००४ च्या सुमारास आला. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ए प्रकार ८२ बाय ७० मिलिमीटरचा, बी प्रकार ८२ बाय १०५ चा. मापं एक असली तरी व्यवहारात अदलाबदल कधीच सरळ नव्हती. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये बसतं, पण बायोस ते ओळखत नाही. ओळखलं तर पंख्याचं नियंत्रण कार्डाचं तापमान वाचू शकत नाही आणि पंखा तरी थांबतो किंवा कायम पूर्ण वेगाने ओरडतो. हीटसिंकची भोकं जुळली तरी मेमरी चिपच्या जागा वेगळ्या असतात, म्हणजे पॅडचा हिशेब नव्याने. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये त्या कार्डाचा क्रमांक नसेल तर ती फाइलही बदलावी लागते. म्हणून कार्ड घेताना एकच अट धरा, तुमच्याच मॉडेलमध्ये ते लोडखाली चालत असल्याचा व्हिडिओ. तो मिळत नसेल तर घेऊ नका.

"चिप गरम करून देतो, चालू होईल" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष चिपसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, तेव्हा दोष चिपच्या आतल्या सूक्ष्म जोडांमध्ये होता. बाहेरून हॉट एअर मारल्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजल्यावर असे जोड तात्पुरते टेकतात आणि पुन्हा सुटतात. तेवढ्या दिवसांसाठी मोजलेले पैसे जातातच, शिवाय शेजारचे चांगले भाग तापून खराब होतात.

एवढी मेहनत कशाला, नवा घ्या ना, असंही विचारलं जातं. नव्यात हे सगळं करताच येत नाही, म्हणून मेहनत. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरचं सॉकेट चौथ्या पिढीबरोबर संपलं, पाचव्या पिढीपासून ते बोर्डवर सोल्डर होऊ लागले. एमएक्सएम हळूहळू मागे पडलं. २०१९ मध्ये एलियनवेअर एरिया-५१एम डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि सुटं ग्राफिक्स घेऊन आला तेव्हा आमच्यासारख्यांना फार आशा वाटली होती. पण पुढच्या पिढीचे भाग त्यात बसेनात, आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात त्यावरून ग्राहकाने खटला भरला.

सोल्डरिंगमागे निव्वळ लोभ आहे असंही मी म्हणणार नाही. एलपीडीडीआर या कमी विजेवर चालणाऱ्या रॅमचा वेग जुन्या स्लॉटला झेपत नाही, आणि पातळ बॉडीत दोन्ही चिपवर मिळून एकच हीटसिंक बसतो. तरी वाट काढता येते हे दिसू लागलं आहे. डेलच्या प्रिसिजन ७६७० मधून २०२२ मध्ये कॅम ही नव्या प्रकारची सुटी रॅम आली, आणि पुढे डिसेंबर २०२३ मध्ये मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने तिचं सगळ्यांसाठी मानक बनवलं. २०२४ च्या लेनोव्होच्या थिंकपॅड पी१ मध्ये एलपीकॅम२ ही त्याच घराण्यातली सुटी रॅम आली. फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपसाठी २०२५ मध्ये नव्या पिढीचं ग्राफिक्स मॉड्यूल जाहीर झालं, आणि ते जुन्याच मशीनमध्ये बसतं. नवं घ्यायचंच असेल तर दुकानात आधी विचारा, रॅम स्लॉटमध्ये आहे की सोल्डर केलेली. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून पाहा.

इथे थांबा आणि जाणकाराला द्या

बॅटरी फुगली असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण बसत नसेल, तर मशीन ताबडतोब बंद करा. बॅटरी टोचू नका, दाबू नका, घंटागाडीत टाकू नका. अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्या. हा टप्पा बाकी सगळ्यांच्या आधी येतो.

अडॅप्टरची पिन मशीनमध्ये घालताच अडॅप्टरवरचा दिवा विझत असेल तर बोर्डवर शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, दर वेळी नुकसान वाढतं. जळका वास आला, चहा-पाणी सांडलं, बायोस अपडेट अर्धवट राहिलं किंवा आवळलेला स्क्रू निघेना, तरी हात थांबवा. पावसात भिजलेलं मशीन तांदळात ठेवून उपयोग नाही, बॅटरी काढा आणि त्याच दिवशी घेऊन जा.

कारागीर निवडताना दुकानाच्या पाटीपेक्षा टेबल पाहा. मायक्रोस्कोप आहे का, बोर्डचा नकाशा उघडून मोजमाप करतात का, की आल्या आल्या हॉट एअर हातात घेतात? ठाणे-वाशीत अशी माणसं आहेत, आणि लॅमिंग्टन रोडला तर नक्कीच आहेत. मशीन देताना डिस्क काढून घरी ठेवा, लक्षणांचा कागद आणि आधी काय काय तपासलं ते सोबत द्या, बदललेला जुना भाग परत मागा. अंदाज तोंडी घेऊ नका, लिहून घ्या.

दुरुस्तीचा खर्च त्याच मॉडेलच्या सेकंडहँड मशीनच्या निम्म्यापेक्षा वर गेला तर मी बोर्ड दुरुस्त करत नाही. पण मशीन भंगारातही देत नाही. मूळ अडॅप्टर, रॅमच्या पट्ट्या, पंखे, हीटसिंक, सॉकेटमधला प्रोसेसर, कार्ड आणि स्क्रूसुद्धा मॉडेलचं नाव लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायचे. कार्ड आणि रॅम अँटिस्टॅटिक पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, कारण इथल्या पावसाळ्यात संपर्क काळे पडतात. नेरूळच्या एका आर्किटेक्ट ताईंचं एम६८०० सध्या अशाच एका बंद मशीनच्या पंख्यावर आणि अडॅप्टरवर चालतंय.